बाळाचं वजन आईच्या शाळेत ठरतं
(मंडळाच्या मदतनिधी संध्याकाळी केलेलं भाषण)



बटाटेवडे संपले आहेत आणि गाण्याचा कार्यक्रम अजून सुरू व्हायचा आहे. या दोन्हींच्या मधली वीस मिनिटं समितीने मला दिली आहेत. आधीच सांगून टाकतो की मी डॉक्टर नाही. शिक्षणाने इंजिनिअर, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर. आपल्या मंडळात डॉक्टर भरपूर आहेत, तिघे तर पहिल्याच रांगेत दिसताहेत. माझं काही चुकलं तर त्यांनी चहाच्या वेळी खुशाल कान धरावा. पण समितीच्या बैठकीत हा विषय मी लावून धरला, आणि मंडळात जो सूचना करतो त्याच्याच गळ्यात काम पडतं, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

विषय आहे नवजात बाळाचं वजन. सुरुवात घरापासूनच करतो.

तीन वर्षांपूर्वी आम्हाला मुलगी झाली. इथेच कॅलिफोर्नियात, चांगल्या हॉस्पिटलात, पूर्ण दिवस भरून. वजन 5 पौंड 4 औंस, म्हणजे 2.4 किलोला जरासं कमीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे 2500 ग्रॅमच्या आत जन्मलेलं बाळ हे कमी वजनाचं बाळ. आमची लेक त्या यादीत बसली. आज ती ठणठणीत आहे. मागच्या खुर्च्यांवरून जी कोणी उड्या मारते आहे ती तीच. पण त्या दिवशी मला काही उमजेना. बायको इंजिनिअर, सिगरेट-दारू नाही, इन्शुरन्स उत्तम, पहिल्या महिन्यापासून तपासण्या, गोळ्या वेळच्या वेळी, आणि सासूबाई महिनाभर आधीच भारतातून हजर. सगळे इनपुट बरोबर, मग आउटपुट असं का?

दुसऱ्या दिवशी नर्सने सहज एक प्रश्न विचारला, "बाळाच्या आईचं जन्माच्या वेळी वजन किती होतं?" आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. सासूबाई पलीकडे बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "हिचं? दोन किलोच्या आसपास. कापसात गुंडाळून ठेवली होती हिला आम्ही." मग त्यांचं स्वतःचं? ते कोणी मोजलंच नव्हतं. पण बहात्तरच्या दुष्काळात त्या दहा वर्षांच्या होत्या. वाढीचं वय, आणि घरात खायला सुकडी. त्या सुकडीची चव अजून आठवते म्हणतात.

त्या रात्री मला झोप आली नाही (बाळानेही येऊ दिली नाही), आणि मी वाचायला लागलो. पहिलीच गोष्ट वाचली ती अशी. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या शरीरात तिची स्त्रीबीजं तयार होतात. म्हणजे आमची लेक ज्या बीजातून वाढली, ते बीज माझ्या सासूबाईंच्या पोटात तयार झालेलं होतं. आजीने नातीला काही महिने पोटात वाढवलं, असं म्हटलं तरी फारसं चूक नाही. आणि मी बापडा नऊ महिन्यांच्या डाएट चार्टमध्ये बग शोधत होतो!

आता कोणी म्हणेल, आपण भारतीय मुळातच लहान चणीचे, बाळं लहान होणारच. त्यात थोडं तथ्य आहे. पण एक जुना प्रयोग सांगतो. 1938 साली वॉल्टन आणि हॅमंड या दोन शास्त्रज्ञांनी इंग्लंडमध्ये धिप्पाड शायर घोडे आणि शेटलंडची ठेंगणी तट्टं यांचा संकर केला. दोन्हीकडचं रक्त निम्मं-निम्मं. पण आई शायर असेल तर शिंगरू मोठं जन्मायचं, आणि आई शेटलंड असेल तर लहान. बाप धिप्पाड असूनही. म्हणजे बाळ किती वाढणार हे ठरवण्यात आईच्या शरीराचा वाटा फार मोठा. आणि आईचं शरीर कधी घडतं? ती स्वतः बाळ असताना, लहान मुलगी असताना, वयात येताना. गरोदरपणापर्यंत बरंचसं ठरून गेलेलं असतं.

आपल्या इथलंच उदाहरण घ्या. 2003 साली 'पेडियाट्रिक्स' या नियतकालिकात कॅलिफोर्नियातल्या बाळंतपणांचा एक अभ्यास छापून आला. भारतात जन्मलेल्या आणि इथे येऊन आई झालेल्या बायका, म्हणजे आपल्याच घरातल्या. शिक्षण भरपूर, इन्शुरन्स आहे, तपासण्या वेळेवर. तरी त्यांच्यात कमी वजनाच्या बाळांचं प्रमाण इथल्या गोऱ्या आयांपेक्षा जास्त निघालं. व्हिसा मिळाला, पगार वाढला, घर झालं, तरी शरीर आपलं बालपण बरोबर घेऊनच विमानात बसतं.

"झालं लहान बाळ, तर बिघडलं काय? नंतर वाढतंच की," असंही कोणी विचारेल. हा प्रश्न इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर नावाच्या डॉक्टरांनी घेतला. हर्टफर्डशायर परगण्यात 1911 पासून सुईणी आणि नर्सेस प्रत्येक बाळाचं जन्माचं वजन आणि वर्षाचं झाल्यावरचं वजन वहीत लिहून ठेवत. बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या जुन्या वह्या शोधल्या, ती बाळं मोठी होऊन पुढे त्यांचं काय झालं ते तपासलं, आणि 1989 साली छापलं. कमी वजनाने जन्मलेल्या आणि पहिल्या वर्षात कमी वाढलेल्या पुरुषांमध्ये हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण जास्त होतं. डेटाबेसवर पोट भरणाऱ्या माणसाला त्या अनाम सुईणींना साष्टांग नमस्कार घालावासा वाटतो.

आणि हे काम आपल्या पुण्यात फार पुढे नेलं गेलं. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 ते 1996 या काळात पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. त्या बायकांची सरासरी उंची सुमारे 152 सेंटीमीटर, आणि गरोदर राहण्याआधीचं वजन सुमारे 42 किलो. बाळांचं सरासरी वजन 2.7 किलोच्या आसपास. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. म्हणजे जवळपास 800 ग्रॅमचा फरक. आश्चर्य म्हणजे पुण्याची बाळं सगळीकडून सारखीच लहान नव्हती. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण चरबी मात्र बरीचशी टिकून. दिसायला बारीक, आतून चरबीदार. पुढे जाऊन मधुमेह होण्याची तयारी पाळण्यातच सुरू. आपल्या मंडळात पस्तिशी-चाळिशीत गोळ्या सुरू झालेले किती जण आहेत ते मी विचारत नाही. वड्यांबरोबरची जिलबी कुणी-कुणी नाकारली ते मी पाहिलं आहे.

याच अभ्यासात आणखी दोन गोष्टी दिसल्या. एक, आईने एकूण किती खाल्लं यापेक्षा काय खाल्लं याचा बाळाच्या वाढीशी जास्त संबंध होता. पालेभाज्या, फळं आणि दूध खाणाऱ्या आयांची बाळं मोठी. दोन, ज्या गरोदर बायकांना शेतात-घरात जास्त कष्ट पडत होते, त्यांची बाळं लहान. हा दुसरा मुद्दा जरा लक्षात ठेवा. त्याच्याकडे मी परत येणार आहे.

तर मग गरोदर बाईला पालेभाज्या, फळं, दूध दिलं की झालं? मुंबईत नेमका हाच प्रयोग झाला. 2006 ते 2012 या काळात मुंबईच्या झोपडवस्त्यांमधल्या साडेसहा हजार बायकांवर. निम्म्या बायकांना पालेभाज्या, सुकी फळं आणि दूध घातलेला खाऊ रोज दिला, समोसा-टिक्कीसारखा. बाकीच्यांना कांदा-बटाट्यासारख्या भाज्यांचा साधा खाऊ. खाऊ देणं सुरू केलं तेसुद्धा गरोदर राहण्याच्या आधीपासून. निकाल 2014 साली आला. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर बाळांच्या वजनात म्हणण्यासारखा फरक नव्हता. पण ज्यांनी दिवस राहण्याआधी किमान तीन महिने तो खाऊ खाल्ला होता, त्यांची बाळं सरासरी 48 ग्रॅमने जास्त भरली.

आता 48 ग्रॅम म्हणजे काय, एक लिंबू! समितीतल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी मला हेच विचारलं, "लिंबाएवढ्या फरकासाठी आम्ही चेक लिहायचा का?" प्रश्न रास्त आहे, म्हणून दोन गोष्टी सांगतो. पहिली, त्याच अभ्यासात तो चांगला खाऊ खाणाऱ्या बायकांमध्ये गरोदरपणातला मधुमेह बराच कमी, निम्म्याच्या जवळपास आढळला. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, आणि ती थोडी कडू आहे. फायदा सगळ्यांना सारखा झाला नाही. ज्या बायका आधीपासून बऱ्या अंगाच्या होत्या त्यांच्या बाळांचं वजन सर्वांत जास्त वाढलं, 90 ग्रॅमच्या वर. ज्या सगळ्यांत किडकिडीत होत्या, ज्यांना सगळ्यांत गरज होती, त्यांच्या बाळांना वजनात फायदा दिसलाच नाही.

हे वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होतो. मी यातून जे समजलो ते सांगतो, डॉक्टरांनी दुरुस्त करावं. मला वाटतं, वीस वर्षांची उपासमार तीन महिन्यांच्या समोशांनी भरून निघत नाही. आपण डोहाळजेवण सातव्या महिन्यात करतो. हिरवी साडी, फुलांचे दागिने, सगळं हौसेनं. करावंच. पण त्या बाईला पोटभर जेवण मिळायला हवं होतं ते ती सातवीत असताना.

आता माझ्या गावाकडे येतो. मी बीड जिल्ह्यातला. वडील शाळेत मास्तर होते. आमच्या वर्गात एक मुलगी होती. नाव सांगत नाही. गणितात माझ्या पुढे. पाढे तर अडीचकी-औटकीपर्यंत. पण दिवाळी आली की ती गायब व्हायची आणि पाडव्यानंतर उगवायची. आई-बाप ऊसतोडीला, साखर कारखान्याच्या तळावर. धाकट्या भावंडांना सांभाळायला आणि भाकऱ्या थापायला ती बरोबर. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. पंधराव्या वर्षी लग्न.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम उचल देतो ती जोडीला. एकट्या मुलाला उचल मिळायला अडचण, म्हणून मुलाचं लग्न लवकर. मुलीला मागे ठेवायचं कुणाच्या भरवशावर, या काळजीने मुलीचंही लग्न लवकर. आई-बाप वाईट असतात असं नाही. हिशेबच तसा बसतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात विशीच्या सुरुवातीच्या बायकांपैकी 23 टक्क्यांची लग्नं अठरा वर्षांच्या आत झालेली होती. बीड जिल्ह्यात हेच प्रमाण 40 टक्क्यांच्या वर होतं.

दोन वर्षांपूर्वी गावी गेलो तेव्हा ती भेटली. ती माझ्याच वयाची, पण पन्नाशीची वाटावी. ओट्यावर बसून बोलली. पहिलं बाळंतपण सोळाव्या वर्षी, तळावरच्या कोपीत. नववा लागला तरी तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं, कारण खाडा केला तर पैसे कापले जातात. सासू म्हणायची, कमी खा, बाळ मोठं झालं तर अडशील. आपण इथे बसून म्हणू, काय हा अडाणीपणा! पण विचार करा. सोळा वर्षांची, उंचीने कमी, कंबर पुरती वाढलेली नाही, आणि सिझेरियन करणारं हॉस्पिटल कुठल्या कुठे. त्या सासूने आपल्या डोळ्यांसमोर बाया अडून मेलेल्या पाहिल्या असतील. तिच्या परीने ती सुनेचा जीवच वाचवत होती.

बाळ तिसऱ्या दिवशी गेलं. मी मूर्खासारखं विचारलं, वजन किती होतं? ती म्हणाली, "कोण करतंय वजन, भाऊ? तिथं उसाच्या गाडीचं वजन होतंय, काट्यावर."

यावर मला काही बोलता आलं नाही, आणि आजही येत नाही. पुण्याच्या अभ्यासातला कष्टांचा मुद्दा मघाशी लक्षात ठेवायला सांगितला होता, तो हा. तिथल्या आलेखावरच्या 'जास्त कष्ट' या रकान्याचा चेहरा मला त्या ओट्यावर दिसला. याच बायकांमधल्या गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या 2019 साली आल्या तेव्हा राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती, हे तुमच्यापैकी काहींनी वाचलं असेल. ती बातमी शेवटाची होती. मी बोलतो आहे ते त्या गोष्टीच्या सुरुवातीबद्दल.

आता आपल्या निधीबद्दल. गेल्या वर्षी आपण एका ग्रामीण रुग्णालयाला नवजात बाळांसाठी वॉर्मर दिले. चांगलं काम झालं. जन्मलेलं बाळ वाचवलंच पाहिजे, आणि ते वाचवता येतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून, घरच्या घरी काळजी घेऊन, नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी करून दाखवले. 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं आणि पुढे सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत तसं काम सुरू केलं. त्यामुळे वॉर्मर चुकले असं मी मुळीच म्हणत नाही. पण वॉर्मर हा शेवटचा टप्पा आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रोग्राम कोसळल्यावर तो सावरणारी ती व्यवस्था आहे. ती हवीच. पण चूक जिथे शिरते तिथेही कधीतरी हात घालायला हवा ना?

म्हणून यंदाचा प्रस्ताव वेगळा आहे. ऊसतोडीच्या पट्ट्यात काम करणारी एक छोटी संस्था आहे. आई-बाप हंगामाला गेले की मागे राहणाऱ्या मुलींसाठी ती गावातच सहा महिन्यांचं वसतिगृह चालवते. शाळा सुरू राहते. दोन वेळचं जेवण, त्यात पालेभाजी, कडधान्य, अंडं, दूध, गूळ-शेंगदाणे. रक्ताची तपासणी, लोहाच्या गोळ्या. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे शाळेत असलेल्या मुलीचं लग्न एकेक वर्ष पुढे ढकलता येतं. मुलींची वजनं-उंची दर महिन्याला वहीत लिहिली जाते. त्या वह्या मी स्वतः पाहून आलो आहे. खर्चाचा तक्ता या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर आहे.

आता प्रामाणिकपणे दोन अडचणी सांगतो, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको. पहिली, यंदा फोटो येणार नाही. वॉर्मरवर आपल्या मंडळाची पाटी लागली, तिचा फोटो आपल्या अंकात छापला, सगळ्यांना बरं वाटलं. जेवलेल्या मुलीवर पाटी लावता येत नाही, आणि लावूही नये. दुसरी अडचण, निकालाला वेळ लागेल. आज सातवीत असलेली मुलगी वेळेवर, विशीनंतर आई झाली, तर तिच्या बाळाचं वजन आपल्याला दहा वर्षांनी कळणार. तोवर आपल्यापैकी निम्मे लोक दुसऱ्या गावी बदलून गेलेले असतील. कदाचित ते बाळही अडीच किलोच्या थोडं खालीच भरेल, आणि खरा फरक नातीत दिसेल. दोन-तीन पिढ्यांत झालेली हानी एका मदतनिधीत भरून निघेल असं मी सांगणार नाही.

म्हणून विनंती एकच. एकदाच मोठा चेक देण्यापेक्षा, जमेल तेवढं कमी द्या, पण तीन वर्षं द्या. पाचवीतली मुलगी आठवीत जाईपर्यंत. मध्येच पैसे आटले तर ती मुलगी पुन्हा कोयत्याच्या मागे जाईल, आणि आपण केलेलं सगळं वाया. मागे टेबलावर फॉर्म ठेवले आहेत. त्यावर 'दरमहा' असा एक चौकोन आहे, त्यावर कृपा करून खूण करा.

शेवटचं सांगून बसतो. माझ्या त्या वर्गमैत्रिणीला पुढे दोन मुलं झाली. थोरली मुलगी तेव्हा चौदा वर्षांची होती, नववीत. निघताना मी खिशात हात घातला. तिने हात पुढे केला नाही. म्हणाली, "पैसं नकोत, भाऊ. पोरीला सहा महिने ठिवून घेणारं कुणी असंल तर बघा."

मी तेव्हा बघतो म्हणालो. वसतिगृहाचा पत्ता मला त्यानंतर शोधूनच मिळाला. ती मुलगी आता तिथे आहे, अकरावीत, आणि गणितात, अर्थातच, पहिली. यंदाच्या हंगामात तिच्यासारख्या ज्या मुलींना जागा नाही म्हणून परत पाठवावं लागलं, त्यांच्यासाठी मी आज उभा आहे.

 आता गाण्यांचा आनंद घ्या, आणि जाताना मागच्या टेबलावरून जा.